तलावाच्या सांडपाण्यावर ठिबक : पांढरा थर, शेवाळ आणि युरियाचा हिशेब

प्रश्न : वाळवंटी भागातल्या लहान शहराच्या सांडपाणी प्रक्रिया तलावांतून सुटणारे पाणी आम्ही ठिबकने देतो. दोन हंगामांत ड्रिपरभोवती पांढरा थर आला, लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या नळ्या) शेवाळाने तुंबतात. जिप्सम टाकावे का? युरिया किती कमी करावा? पालेभाजी चालेल का?

उत्तर : जिप्सम तूर्त थांबवा, आधी पाणी तपासून घ्या. तलावात घाण कुजते, मीठ मात्र जात नाही. उलट घट्ट होते. पाव पाणी उन्हाने उडाले, तर आत येताना १.५ असलेली ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे खारेपणाचे माप; एकक डेसीसायमन प्रति मीटर) बाहेर पडताना २ भरते. असे पाणी हात राखून दिले की पीक पाणी पिऊन घेते आणि मीठ मुळाशी साचते. काटकसर इथे अंगलट येते. दिलेल्या पाण्यातला काही भाग मुळांखाली उतरलाच पाहिजे. तो काढायची रीत : पिकाला सोसणारी मातीच्या अर्काची ईसी गुणिले ५, त्यातून पाण्याची ईसी वजा करा आणि येणाऱ्या आकड्याने पाण्याच्या ईसीला भागा. पाण्याची ईसी २ असेल तर ज्वारीला (मर्यादा ६.८) ६ टक्के, खजुराला (४) ११ टक्के, टोमॅटोला (२.५) १९ टक्के. गाजर, कांदा, घेवडा यांची मर्यादा १ च्या आसपास, त्यांच्या नादी लागू नका. खाली कठीण थर असेल तर निचऱ्याची सोय आधी करा, नाहीतर हेच जादा पाणी मीठ घेऊन वर येईल.

पावसाच्या हलक्या सरीने ओलाव्याच्या कडेचे मीठ (तुमचा पांढरा थर) पुन्हा मुळांवर उतरते, म्हणून अशा पावसात ठिबक चालूच ठेवा.

जिप्सम सोडियमवरचा उपाय आहे. एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचे प्रमाण) जास्त असेल आणि पाणी मुरत नसेल तेव्हाच टाका. एरवी तोही एक क्षारच.

शेवाळ बहुतेक वरच्या थरात असते. साठवण तळ्यात पंपाचे तोंड तरंगत्या ड्रमला बांधून पाण्याखाली अर्धा मीटर ठेवा. आधी सँड फिल्टर, मग १२० मेशचा डिस्क फिल्टर. नुसती जाळी पुरत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक स्वच्छ असतानापेक्षा अर्ध्या किलोने (प्रति चौरस सेंटिमीटर) वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुवा. आठवड्यातून एकदा लॅटरलची टोके उघडून नितळ पाणी येईपर्यंत वाहू द्या. क्लोरीनचा डोस टाकीवर ठरवू नका : पाण्यातल्या अमोनियात तो खर्ची पडतो. शेवटच्या ड्रिपरला १ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळाला पाहिजे. भर दुपारी शेवाळामुळे सामू (पीएच) ९ च्या वर जाऊ शकतो आणि क्लोरीन दुबळा पडतो, म्हणून पहाटे सोडा. आम्ल द्यायचे तर वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

युरियासाठी पाण्यातला एकूण नत्र तपासा. तो लिटरला ३० मिलिग्रॅम असेल तर १००० घनमीटर पाण्यामागे ३० किलो नत्र, म्हणजे सुमारे ६५ किलो युरिया शेतात गेलाच म्हणून समजा. अडचण अशी की हा नत्र पीक पक्व होतानाही येतच राहतो. कापूस त्यामुळे नुसता पाल्यावर जातो. शेवटच्या पाळ्यांना दुसरे पाणी असेल तर ते द्या.

पालेभाजी नको. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घातलेली मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये १००० फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) आणि लिटरमागे जंताचे फार तर एक अंडे अशी होती. क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत, ती तलावात तळाशी बसावी लागतात. तलाव गाळाने भरला की तेवढा वेळच मिळत नाही. चारा, कापूस, खजूर घ्या, तुषार संच टाळा, चारा कापण्याआधी दोन आठवडे पाणी तोडा आणि लॅटरल हाताळताना गमबूट-हातमोजे घाला.