तुमचे प्रश्न : ध्यानासाठी शिक्षक शोधायचा कसा?

प्रश्न : ताई, मी अडीच वर्षं झाली, रोज सकाळी अर्धा-पाऊण तास ध्यानाला बसतो. सुरुवात मोबाइलवरच्या अ‍ॅपने झाली, मग व्हिडिओ बघून आनापान म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, मधे काही महिने मैत्री भावना म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, सध्या पोटाची हालचाल बघतोय. पहिलं वर्ष मस्त गेलं पण आता तीन-चार महिने बसलो की दहा मिनिटांत गुंगी येते नाहीतर छातीत काहीतरी आवळल्यासारखं होतं आणि हे बरोबर चाललंय की चुकतंय हे सांगणारं कोणी नाही. कोणी म्हणतं गुरूशिवाय गती नाही, कोणी म्हणतं बुद्धांनीच ‘अत्त दीप भव’, स्वतःच स्वतःचा दीप हो, असं सांगितलंय मग शिक्षक कशाला. खरंच शिक्षक लागतो का? आणि लागत असेल तर चांगला कोण हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी एक काम करा, छातीचं डॉक्टरांना दाखवून या. ते ध्यानामुळेच होतंय असं आपणच ठरवून टाकायचं नाही.

आता ‘अत्त दीप’चं. हे वाक्य लोक शिक्षक नको म्हणायला वापरतात, पण ते कधी आणि कोणाला सांगितलंय बघा ना. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात, एका मोठ्या आजारपणातून उठल्यावर, आनंद या शिष्याला, म्हणजे जो वर्षानुवर्षं सावलीसारखा सोबत राहून शिकला त्याला. आणि त्याच बोलण्यात आधी बुद्ध म्हणतात की माझ्याकडे आचार्याची बंद मूठ नाही, काही राखून ठेवलेलं नाही. सगळं शिकवून झाल्यावर, आता स्वतःच्या पायावर उभे रहा असं सांगणं आणि पहिल्याच दिवशी कोणाला विचारू नका असं सांगणं, यात फरक आहे की नाही?

मला तुमचं पत्र वाचून मेघिय नावाचा भिक्खू आठवला. उदान या पाली ग्रंथात त्याची गोष्ट आहे. हा तेव्हा बुद्धांच्या सेवेत होता, नदीकाठी एक छान आमराई दिसली आणि याला वाटलं इथेच बसावं ध्यानाला. बुद्ध म्हणाले जरा थांब, दुसरा भिक्खू येऊ दे. हा काही ऐकेना, तीनदा मागे लागला आणि गेला एकटाच. बसला तर काय, वासना, राग, दुसऱ्याला इजा करायचे विचार, नुसता कल्लोळ. परत आला तेव्हा बुद्ध त्याला रागावले नाहीत, मन पिकायला पाच गोष्टी लागतात म्हणाले आणि त्यातली पहिली सांगितली कल्याणमित्र, म्हणजे वाटेवर साथ देणारा चांगला मित्र. म्हणून मी ‘गुरू’ शब्द जरा बाजूला ठेवते, तो ऐकला की आपण एकतर पाया पडतो नाहीतर पळतो. तुम्हाला असा माणूस हवाय ज्याला आज काय झालं हे सांगता येईल.

आणि हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. तुम्ही सध्या करताय ते पोटाचं वर येणं-खाली जाणं बघणं ही म्यानमारच्या महासी सयाडॉंची (१९०४–१९८२) पद्धत, त्यात शिबिरात शिक्षकाला नेमाने रिपोर्ट द्यायचा असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनाच्या खोल अवस्थांवर मोठं भाषण तयार करून गेले होते. शिक्षकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पोट वर येताना काय जाणवलं?” मी म्हटलं शांत वाटलं. “ते नंतर. वर येताना काय? ताण, दाब, हालचाल?” मला काही सांगताच येईना! इतके दिवस मी पोट बघतच नव्हते, पोटाबद्दल विचार करत होते. हे मला कुठलं अ‍ॅप सांगणार होतं, सांगा.

आता शोधायचं कसं. आधी पद्धत एक ठरवा, कारण तुम्ही अडीच वर्षांत तीन बदलल्यात आणि शिक्षक तुम्हाला पहिलं हेच विचारेल. पोटाचीच चालू ठेवायची असेल तर महासी परंपरेतलं केंद्र बघा. सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतली, गोयंकाजींनी १९६९ पासून भारतात शिकवलेली विपश्यना हवी असेल तर दहा दिवसांचं शिबिर करावं लागतं, पहिले तीन दिवस आनापान आणि चौथ्या दिवशी विपश्यना, शिक्षकांना प्रश्न विचारायला रोज वेळ असतो, पण तिथे दुसऱ्या पद्धतीची मिसळ चालत नाही. झेनमध्ये तर शिक्षकाशी एकट्याने भेट हा साधनेचाच भाग. कुठेही गेलात तरी मानसिक आजाराची औषधं चालू असतील किंवा पूर्वी असा त्रास झाला असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, लपवू नका, लांब शिबिरात ते अंगावर येऊ शकतं.

ओळखायचं म्हणाल तर वीमंसक सुत्त या उपदेशात बुद्ध भिक्खूंना खुद्द बुद्धांनाच तपासून बघायला सांगतात, डोळ्यांना काय दिसतं आणि कानांना काय ऐकू येतं त्यावरून. तेच लावा. हा माणूस शिबिर संपल्यावर सेवकांशी कसा बोलतो, ‘मला माहीत नाही’ म्हणतो का, जुन्या साधकांना प्रश्न विचारायची भीती वाटते का. स्वतःच्या सिद्धी सांगणारा, इतरांशी संबंध तोडायला लावणारा, ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणणारा दिसला की चपला घाला आणि निघा, मग त्याचं प्रवचन कितीही गोड असो. आणि एका भेटीत कळत नाही, वर्षभर जाऊ द्या.

तोपर्यंत रोज बसून झालं की वहीत दोन-तीन ओळी लिहा, काय जाणवलं तेवढंच, बरं की वाईट ते नको. शिक्षक भेटेल तेव्हा ही वही कामाला येईल.

राहिली गुंगी. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बुद्धांचे पट्टशिष्य खुद्द मोग्गल्लान बसल्या बसल्या डुलक्या घेत होते आणि बुद्धांनी त्यांना उपायांची यादीच दिली. ज्या विचाराने गुंगी येते तो सोड, पाठ असलेलं म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, आकाशातल्या चांदण्या बघ, फेऱ्या मार. आणि एवढं करूनही जाईना तर सरळ उजव्या कुशीवर झोप, फक्त उठायचं मनाशी ठरवून.