अकरा सेकंदांचा निरोप

"मॅडम, आई रोज रात्री बाबांचा व्हॉइस मेसेज ऐकते. सात महिने झाले. तिच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?"

तिशीतला मुलगा काळजीनं विचारत होता. समुपदेशनासाठी माझ्याकडे असा प्रश्न घेऊन अनेक जण येतात. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकू आल्या तेव्हा मी सल्ला दिला नाही. "मलाही ऐकवाल?" एवढंच म्हणाले. त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली आणि फोन माझ्या कानाशी धरला. "अगं, निघतोच आता. भाकरी एवढ्यात टाकू नको, गार हुतीय." मागे खटक-खटक, खटक-खटक.

"माग वाजतोय बघा," काकू म्हणाल्या.

"ऐकून झालं की काय करता?"

"काय करणार? थोडं रडते, झोपते. नळ यायचा असला की पहाटे उठावं लागतं."

माझा जीव भांड्यात पडला. घराघरांत हार घातलेला फोटो असतो, त्यापुढे आपण उभे राहतोच की. माणूस गेला तरी नातं संपत नाही. ते मनात जपणं हा आजार नव्हे, असं शोकाचे अभ्यासकही 1990 च्या दशकापासून सांगत आले आहेत. मी बघते ते ऐकल्यानंतरचं: जेवण, झोप, काम, माणसांत मिसळणं. वर्ष होत आलं तरी हे सगळं ठप्प असेल, मृत्यू झालाय हेच मन मानत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो.

काकूंचं खरं दुखणं वेगळंच निघालं. त्या दर महिन्याला काकांच्या नंबरवर रिचार्ज मारत होत्या. "नंबर दुसऱ्याला गेला अन् तिकडून कुणी परक्यानं हॅलो केलं तर?" ही भीती खुळी नाही. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते, आणि 120 दिवस वापर नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप साधारणपणे ते खातं काढून टाकतं. पण आलेला निरोप काकूंच्याच फोनमध्ये होता. धोका होता तो हा फोन बिघडण्याचा. मुलानं तिथंच बसून निरोप गूगल ड्राइव्हवर आणि पेन ड्राइव्हमध्ये उतरवला. रिचार्ज कधी थांबवायचा ते काकू ठरवतील, असं मी त्याला बजावलं.

मग त्यानं चाचरत सांगितलं, एका अ‍ॅपवर बाबांच्या आवाजात नवी वाक्यं बनवून आईला ऐकवली होती. आवाज हुबेहूब. "जेवलीस का?"

"ह्यांनी जन्मात असं विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "'चल, ताट घे तुझं बी,' म्हणायचे." त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या. मुलानं हे मायेपोटीच केलं होतं. तरी माझं मत ठाम आहे: ताज्या दुःखात, ज्याला ऐकवायचं त्याला न विचारता, गेलेल्या माणसाच्या तोंडी नवे शब्द घालू नयेत.

जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मुलाचा फोन आला. काकूंनी तो निरोप नातीला ऐकवला होता. तिनं विचारलं, "आजोबांच्या मागं काय वाजतंय?" आणि काकू मागाचा धोटा कसा इकडून तिकडं पळतो ते हातानं दाखवत बसल्या.