शाम्पूच्या वडीने केस मेणचट का होतात?

प्रश्न: बाटलीतला शाम्पू सोडून नैसर्गिक शाम्पू बार वापरतेय. महिना होत आला तरी केस मेणचट लागतात, कंगव्यावर पांढरट थर येतो. केसांना सवय व्हायला वेळ लागतो म्हणतात. आणखी थांबू का?

उत्तर: थांबू नका. आधी वेष्टनावरचे घटक वाचा. ‘सोडियम कोकोएट’, ‘सोडियम ऑलिव्हेट’ अशी नावं असतील तर तो तेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबणच आहे. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप; 7 म्हणजे मध्यम) 9 ते 10, म्हणजे अल्कलीकडचा असतो. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा न विरघळणारा साका बनतो. कंगव्यावर दिसतो तो हाच. त्याचा सवयीशी काही संबंध नाही.

तूर्तास 1 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा व्हिनेगर घालून धुतलेल्या केसांवरून ओता, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा. डोळे जपा. मात्र फेस पूर्ण निघाल्यावरच ओता, कारण उरलेल्या साबणातली मेदाम्लं (तेलातून आलेले स्निग्ध घटक) व्हिनेगरच्या आम्लामुळे सुटी होतात आणि केस जास्तच चिकट होतात.

पाणी जड असेल तर आमचा स्पष्ट सल्ला: वडीच बदला. ‘सोडियम कोकोइल आयसेथायोनेट’ (साबण नसलेला, फेस करणारा सौम्य घटक) असलेली, पीएच 5 ते 6 ची घ्या. तिचा साका बनत नाही. ओल्या तळव्यांवर फेस करून तो टाळूला लावा. वडी जाळीच्या साबणदाणीत निथळू द्या, नाहीतर ती लगदा होऊन लवकर संपते.