लाँग वीकेंडला पुण्याहून सकाळी निघून मुंबईची क्रूझ गाठता येईल का?

तुम्ही विचारलंय की शनिवारी, 24 जानेवारीला संध्याकाळी 5 वाजता मुंबईहून जहाज सुटतंय, सोबत सासू-सासरे आणि दोन मुलं आहेत, तर पुण्याहून सकाळी 9 ला कारने निघालं तर पुरे ना? सोमवारी 26 जानेवारीची सुट्टी, म्हणजे सगळी गर्दी मुंबईतून बाहेर पडणारी आणि आपली बाजू मोकळी, असा तुमचा हिशोब आहे.

जमलं तर शुक्रवारी रात्रीच मुंबईत मुक्कामाला या, हे माझं स्पष्ट मत आहे. ते का, ते सांगते, कारण तुमचा हिशोब वरवर बरोबर वाटतो आणि अनेकजण नेमके त्यावरच विसंबतात.

लाँग वीकेंडच्या शनिवारी सकाळी एक्सप्रेस वेवर पुण्याकडे येणारा लोंढा बोरघाटात तुंबतो. तो फोडण्यासाठी महामार्ग पोलीस काय करतात, तर मुंबईकडे जाणारी वाहतूक वरच थांबवून धरतात आणि त्या रिकाम्या झालेल्या लेनही पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना देतात. हे ब्लॉक थोड्या थोड्या वेळाचे असतात, पण एकामागून एक लागले की तुमची मोकळी बाजू खंडाळ्याच्या आसपास जागच्या जागी उभी. त्यात कुठे एखादा ट्रेलर बंद पडला किंवा टँकर कलंडला तर मग विचारूच नका. घाटात अडकल्यावर मागे फिरता येत नाही आणि गाडी सोडून पुढे जायचीही सोय नसते. पोरांना बाथरूमला न्यायचं म्हटलं तरी पंचाईत. सासू-सासऱ्यांना घेऊन तर हा ताण अजिबात नको.

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी 5 ही जहाज सुटायची वेळ आहे, तुमची नव्हे. तुमच्यासाठी महत्त्वाची वेळ चेक-इन बंद होण्याची. ती तिकिटावर किंवा बोर्डिंग पासवर छापलेली असते आणि बरीच आधीची असते. एकदा चेक-इन बंद झालं की प्रवाशांची यादी पक्की होते. जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा पायलट कधी चढणार आणि जहाज ओढणाऱ्या टगबोटी कधी लागणार हे आधी ठरलेलं असतं, पुढच्या बंदरातली धक्क्याची वेळही बांधलेली असते. पाच माणसं घाटात अडकली म्हणून यातलं काहीही पुढे ढकललं जात नाही.

माझ्या मामेबहिणीच्या घरचे असेच नाताळच्या सुट्टीत उशिरा पोहोचले. जहाज अजून धक्क्यालाच होतं. गेटवरून त्याचे वरचे मजले दिसत होते, डेकवर फिरणारी माणसं दिसत होती. सगळ्यांची ओळखपत्रं हातात, वेब चेक-इन झालेलं, पैसे भरलेले, पण काउंटर बंद झालेलं. तिचा धाकटा मुलगा पोहण्याचा चष्मा गळ्यात घालूनच आला होता. तो विचारत राहिला की जहाज तर इथेच आहे, मग आपण का नाही जायचं? परतावाही मिळाला नाही. ‘नो-शो’ म्हटलं की बहुतेक कंपन्या एक पैसाही परत देत नाहीत. तिचं ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. पुढच्या बंदरात चढू देतील यावरही विसंबू नका. कंपनीने आणि तिथल्या बंदराने परवानगी दिली तरच ते होतं, आणि पुढचं बंदर गोवा असेल तर लाँग वीकेंडला तिथलं विमान ऐन वेळी काढायचं म्हणजे खिसा रिकामा.

शुक्रवारचा मुक्काम फोर्ट किंवा सीएसएमटी भागात मिळाला तर उत्तम, पण तिथली हॉटेलं या दिवसांत लवकर भरतात, तेव्हा आजच बघा. दादर, चेंबूर, ठाण्याला कोणी नातेवाईक असतील तर तेही चालेल. गाडी त्यांच्याकडेच ठेवता येईल, हा आणखी एक फायदा. जहाज जिथून सुटतं त्या बॅलार्ड इस्टेटमध्ये दोन-तीन दिवस गाडी कुठे लावणार, हा प्रश्न लोकांना तिथे पोहोचल्यावरच आठवतो.

शुक्रवारी सुट्टी मिळतच नसेल तर शनिवारी पहाटेची रेल्वे. सिंहगड पुण्याहून 6:05 ला आहे, डेक्कन क्वीन 7:15 ला. डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोहोचते. एखाद तास लेट झाली तरी तुमच्या हातात पुरेसा वेळ राहतो, आणि कारपेक्षा हाच मोठा फरक आहे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि अशा शनिवारच्या जागा भराभर जातात. तत्काळ काढायची वेळ आली तर आदल्या दिवशी एसीचं सकाळी 10 ला, नॉन-एसीचं 11 ला उघडतं. ऑनलाइन काढणार असाल तर खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, ऐन वेळी ओटीपीत अडकू नका.

सीएसएमटीला उतरल्यावर 18 नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने पी. डि’मेलो रोडला बाहेर पडा. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे तुमच्या जहाजाचा धक्का, जेमतेम दीड किलोमीटर आहे. एवढ्या जवळचं भाडं काही टॅक्सीवाले नाकारतात, आणि पाच जणांचं सामान एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मावणारही नाही, त्यामुळे दोन टॅक्सी धरायची तयारी ठेवा. एकेकाळी रेल्वे थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापर्यंत जायची. विलायतेहून बोटीने आलेले साहेब तिथूनच फ्रंटियर मेलमध्ये बसायचे. आज ती सोय असती तर म्हाताऱ्या माणसांचे किती हाल वाचले असते!

टॅक्सीत बसताना नुसतं ‘क्रूझ’ किंवा ‘बोट’ म्हणू नका. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, भाऊच्या धक्क्यावरून सुटते, त्यामुळे ‘बोटीला जायचंय’ म्हटलं की गाडी माझगावच्या दिशेने वळू शकते. मग गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचेस आहेत, तो तिसराच गोंधळ. ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ असं सांगा, आणि त्याआधी तिकिटावर कोणतं गेट लिहिलंय ते वाचा. गेटमधून आत सोडताना ओळखपत्र बघतात. मुलांचं आधारसुद्धा मूळ प्रत सोबत हवं, आणि बुकिंगमधलं नाव त्याच्याशी जुळतंय का ते आजच तपासा.

सगळं समजूनही कारनेच यायचं ठरलं तर पहाटे 5 च्या आत पुणे सोडा. अटल सेतूवरून शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवे धरलात की ऑरेंज गेटला पी. डि’मेलो रोडवरच उतरता, मधलं शहर टळतं. टोल एका बाजूचे 250 रुपये आहेत. त्या दिवशी तिथे काटकसर करू नका.

सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच टॅग लावून घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ उलटू शकते. मुलांचे कपड्यांचे एक-एक जोडही वरच असू द्यात. सासऱ्यांना फार वेळ उभं राहवत नसेल तर व्हीलचेअरसाठी कंपनीला आत्ताच ईमेल करा, फोनवर नुसतं सांगून सोडू नका, आणि उत्तर आलं की त्याची प्रिंट तिकिटासोबत ठेवा.