रक्तातच आहे म्हणणाऱ्या पोरास

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आजोबांचं मन फिरलेलं, बाबांना शुगर आणि बीपी, आणि आता तुला रात्र-रात्र झोप नाही, छातीत धडधड. एवढ्यावर 'आमच्या रक्तातच आहे' असा निकाल देऊन तू मोकळा झालास. जरा थांब.

जीन्सचा वाटा असतोच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात तो एक तृतीयांशाच्या थोडा वर धरतात. पण तो आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे, तुझ्या कपाळावर लिहिलेला नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, झाला तरी निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसरा सुटतो, आणि जीन्स तर दोघांचे तेच! नैराश्याचा असा एक जीन नाहीच. बारीकसारीक फरक ढीगभर, प्रत्येकाचा हात चिमूटभर.

आता तुझं ते एपिजेनेटिक्स, म्हणजे कुठला जीन चालू, कुठला बंद हे ठरवणाऱ्या डीएनएवरच्या खुणा. तुमच्या चिकोडीकडच्या उसात तू दारं धरलीयस. पाटाचं पाणी तेच. कुठली सरी उघडायची, कुठली मातीनं बुजवायची ते फावडं ठरवतं. तसंच डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले की तिथला जीन बहुधा गप्प बसतो, मूळची अक्षरं मात्र बदलत नाहीत.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे शिफ यांच्या गटानं २००४ मध्ये उंदरांवर केलेलं काम वाच. काही उंदीरमाता पिलांना सारख्या चाटतात, काही फारसं नाही. कमी चाटलेली पिलं मोठेपणी ताणाला जास्त बिचकतात. मेंदूत ताणाचं हार्मोन ओळखून 'आता पुरे' म्हणणारा एक रिसेप्टर असतो. त्याच्या जीनवर या पिलांत मिथाइल जास्त सापडलं. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. पिलू निघालं ते वाढवणाऱ्या आईसारखं, जन्म दिलेल्या आईसारखं नाही. या सगळ्या विषयात मला ही अदलाबदलच सगळ्यात मोलाची वाटते.

'सात पिढ्यांचा ताण तुमच्या पेशीत' सांगणारा तुझा तो व्हिडिओवाला मात्र सोड. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा गर्भात आलेल्यांच्या डीएनएवरच्या खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या दिसल्या, हे खरं. पण ती माणसं स्वतःच आईच्या पोटात उपाशी होती. आजोबांचं दुःख अशा खुणांतून नातवात उतरतं हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. बहुतेक खुणा गर्भ तयार होताना पुसल्या जातात. आजोबांकडून तुझ्यापर्यंत जे आलं, ते बरंचसं तुमच्या घरातल्या अबोल्यातून आलं असावं, असं आपलं मला वाटतं.

बाबा एवढे काटक, मग शुगर कशी, असं विचारलंस. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमकं हेच धरलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. आपल्या बाळांचे हातपाय, स्नायू बारीक, पण अंगातली चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. तेव्हा 'मी तर सडपातळ' या भरवशावर तूही राहू नकोस.

ताण एरवी वैरी नसतो. भट्टीपाशी काही कोसळलं तर कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन या ताणाच्या हार्मोनांच्या जोरावरच तू मागं उडी मारतोस. मग ते उतरतं. उतरायला उसंतच नाही मिळाली की शुगर वाढते, बीपी वर राहतो, झोप तुटते, आणि तुटलेली झोप पुन्हा तेच वाढवते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी, जागं राहायला पहाटेपर्यंत चहा, वर सोसायटीचा हप्ता. एवढी धडधड व्हायला आजोबांपर्यंत जायला लागत नाही रे!

उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड आणि एक ईसीजी करून घे. बीपी वेगवेगळ्या दिवशी मोज. पाळी बदलून माग. मागायला लाज कसली? मनाच्या डॉक्टरकडे कन्नडमध्ये कसं बोलू म्हणतोस, ते पटतं मला. पहाणीचा, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा, उतारा कसाबसा वाचता येतो, पण आतलं दुखणं परक्या भाषेत निघत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. 'जगून काय उपयोग' असं मनात आलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तिथं लाव आणि मलाही उठव.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. आजोबांचं कितव्या वर्षी सुरू झालं, कसली औषधं चालू होती, हे आत्याला विचारून ठेव, डॉक्टर विचारणारच. घरात कुणी तो विषय काढत नाही, ठाऊक आहे. आत्या बोलेल.

तुझा,
सर