टोड सोनार ॲरेची, म्हणजे जहाजामागून ओढायच्या, पाण्यातला आवाज टिपणाऱ्या लांब शेपटीची विंच (केबल गुंडाळायचं ड्रमचं यंत्र) समुद्रात वारंवार दगा देते. मोटर एक नंबर मोठी घातली तर भरवशाची होईल का?

मोटर मोठी घालू नका. निदान सुरुवात तिथून करू नका. हाच वाद माझ्या घरात 2012 पासून धुमसतोय, म्हणून लिहायला बसलो.

बेळगावात उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिकचं छोटं शेड आहे. त्या वर्षी गोव्याच्या एका सर्व्हे बोटीसाठी आम्ही विंच केली होती, साइड स्कॅन सोनारचा ‘मासा’, म्हणजे आवाजानं समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र, मागून ओढायला. चोर्ला घाट उतरून ट्रायलला गेलो. मुरगावच्या बाहेर दोनशेएक मीटर केबल सोडली आणि ऑपरेटरनं लिव्हर मधोमध आणला. ड्रम थांबायला हवा होता, पण तो हळूहळू, आवाज न करता फिरतच राहिला. मोटरच्या आतून थोडं तेल झिरपतंच, त्यामुळे उभा भार धरायचा तो ब्रेकनं. हा ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि तेलाच्या दाबानं सुटतो. दाब उतरलाच नाही तर तो लागणार कसा? बोट एकदम हळू करायला लावली, ओढ कमी झाल्यावर लॉक पिन घातली. तोवर माझा शर्ट घामानं भिजला होता.

जेट्टीवर येऊन ब्रेकचा व्हॉल्व्ह खोलला. ब्रेकचं तेल परत जायच्या, ड्रेनच्या बारीक भोकात शेवयीच्या तुकड्याएवढा पांढरा धागा अडकला होता, म्हणून दाब उतरला नव्हता. टेफ्लॉन टेप! फिटिंग माझ्या मेव्हण्यानं केलं होतं. डाउटी सीलचा (रबर लावलेल्या धातूच्या वॉशरचा, तो असला की टेप लागत नाही) डबा टेबलावर तसाच होता, पण घाई होती ना. त्याचं म्हणणं काय, तर “एवढ्याशा टेपनं काय होतंय दाजी, मोटर बारकी पडली. मी तवाच सांगितलो होतो.”

आता तुमचं. वेग दुप्पट केला की पाण्याची ओढ जवळपास चौपट होते. म्हणजे ॲरे आत घेताना जहाज किती वेगानं चालेल हे आधी ठरवा, मोटर त्यावरून निघते. उगाच मोठी घातली आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढला की तेल सोडून देणारा) चढा ठेवला, तर कुठे अडकल्यावर ती थांबणार नाही, केबल तोडेल. आणि ॲरेच्या किमतीपुढे विंच म्हणजे चिल्लर.

खरा भरवसा तेलात आहे. व्हॉल्व्हच्या स्पूलला, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याला, फट असते काही मायक्रॉनची, आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड. नव्या बॅरलमधलं तेल स्वच्छ असतं हा भ्रम काढून टाका, तेही फिल्टरमधूनच भरा. होज कापल्यावर आत रबराची भुकटी राहते, फोमची गोळी मारून ती काढा. वेल्डिंगचे पाइप पिकलिंग करून, म्हणजे ॲसिडनं आतून साफ करून घ्या. जोरात तेल फिरवून फ्लशिंग करा, नास सहाच्या (तेलातली घाण मोजायचा वर्ग, आकडा कमी तितकं तेल स्वच्छ) आत येईपर्यंत सोडू नका. टेप शेडमध्येच ठेवू नका. मी ठेवत नाही.

दुसरं, केबल ड्रमवर पहिल्यांदा गुंडाळताना मागून ताण द्या. शेडमध्ये सैल गुंडाळली की समुद्रात वरचा ताणलेला वेढा खालच्या थरात घुसतो आणि सगळे लेव्हल वाइंडच्या (केबल ड्रमवर ओळीनं बसवणाऱ्या भागाच्या) डायमंड स्क्रूला शिव्या देत बसतात. स्लिप रिंगमध्ये, म्हणजे फिरत्या ड्रमवरून वीज आणि सिग्नल नेणाऱ्या जोडात, ओल जाऊ देऊ नका. उघड्यावर एसएस (स्टेनलेस स्टील) 304 वापरू नका, 316 घ्या, तोही गोड्या पाण्यानं धुवावाच लागतो.

हे सांगायला हवं की नौदलाची विंच मी आतून पाहिलेली नाही. तिथला ॲरे लांब, लवचिक, केबलपेक्षा जाड. त्याचं वळण आणि फेअरलीड (केबलला वाट दाखवणारा भाग) यांचं गणित वेगळं. सोनारचं काम कोचीच्या एनपीओएलमध्ये, डीआरडीओच्या नौदलासाठीच्या प्रयोगशाळेत चालतं, अधिकारानं बोलावं ते त्यांनी. शिवाय तुमची मोटर खरोखरच लहान असू शकते. पंपाचा दाब पूर्ण येऊनही ड्रम हलत नसेल, तर मेव्हणा बरोबर.

तो धागा मी होमिओपॅथीच्या बाटलीत घालून केबिनमध्ये ठेवलाय. परवा बेळगावजवळच्या मच्छे गावच्या गिऱ्हाइकाला दाखवायला काढला, तर मेव्हणा त्याच्यासमोर म्हणतो, “दाजींचं सोडा, तुम्ही मोटर एक नंबर मोठीच घ्या.”