क्रॉइकचे चर्च आणि काचेवरची अक्षरे

प्रश्न : स्कॉटलंडच्या प्रवासात आम्ही क्रॉइक येथील एक लहान प्रेस्बिटेरियन चर्च पाहिले. आत मूर्ती नाहीत, कसली सजावट नाही. खिडकीच्या काचांवर मात्र कोणीतरी इंग्रजीत काही कोरून ठेवले आहे. एवढ्या निर्जन खोऱ्यात हे चर्च कोणासाठी बांधले आणि ते लेखन कोणाचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : क्रॉइकचे खोरे आज निर्जन दिसते, चर्च उभे राहिले तेव्हा ते तसे नव्हते. हायलँड या उत्तरेकडील डोंगराळ भागातील पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या अखत्यारीतले प्रदेश, इतके विस्तीर्ण होते की अनेक कुटुंबांना उपासनेसाठी डोंगर ओलांडून जावे लागे. म्हणून ब्रिटिश संसदेने १८२३ मध्ये कायदा करून नव्या चर्चांसाठी ५०,००० पौंड मंजूर केले. चर्च आणि पाळकांचे घर मिळून एका ठिकाणी १,५०० पौंडांपेक्षा अधिक खर्च होता कामा नये, अशी अट होती. रस्ते, पूल आणि कालवे बांधणारे विख्यात अभियंते थॉमस टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली ठरावीक आराखड्यानुसार अशी ३२ चर्चे उभी राहिली. क्रॉइकचे चर्च १८२७ मध्ये पूर्ण झाले.

साधेपणा मात्र केवळ काटकसरीतून आलेला नाही. प्रेस्बिटेरियन हा बिशपऐवजी पाळक आणि निवडलेले वडीलजन यांनी चालवलेला प्रोटेस्टंट पंथ; त्याच्या उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन आणि उपदेश यांना पहिले स्थान असते, त्यामुळे इमारतीची मांडणी वेदीभोवती नव्हे, तर व्यासपीठाभोवती होते. त्या काळी तेथे वाद्य नसे. गायनप्रमुख स्तोत्राची एकेक ओळ गेलिक या तेथील लोकांच्या भाषेत उच्चारी आणि मंडळी ती संथ, हेलकावणाऱ्या स्वरात उचलून धरी; आपल्याकडील भजन ऐकलेल्या माणसाला ही रीत मुळीच परकी वाटणार नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, सोहळा गुरुवारच्या उपवासापासून सोमवारच्या उपकारस्तुतीपर्यंत चाले. आसपासच्या पॅरिशांतून माणसे लोटत, आणि लांब टेबलांशी बसण्यापूर्वी प्रत्येकाला शिशाचे लहान बिल्ले दाखवावे लागत. ते बिल्ले पाळक व वडीलजन योग्य वाटलेल्या सभासदांनाच देत.

चर्च उभे राहून वीस वर्षेही होण्याआधी दोन आघात झाले. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क १७१२ च्या कायद्याने पुन्हा प्रस्थापित झाला होता. त्यावरून वाढत गेलेला वाद १८४३ मध्ये फुटला आणि ४५० हून अधिक पाळकांनी घर व वेतन सोडून प्रस्थापित चर्चपासून वेगळे असे फ्री चर्च स्थापन केले. मुंबईतील विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारीही त्याच बाजूला गेले. क्रॉइकचे पाळक गुस्तावस एअर्ड यांनीही तोच मार्ग धरला आणि बहुतेक मंडळी त्यांच्यामागे गेली.

दुसरा आघात मेंढ्यांचा. जमिनी मोठ्या मेंढपाळांना दिल्या की जमीनदाराला अधिक खंड मिळे, म्हणून हायलँडमधील कुळे एकामागून एक हुसकावली जात होती. मे १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकॅल्वी खोऱ्यातील १८ कुटुंबांवर ही पाळी आली. लंडनच्या ‘द टाइम्स’ने मुद्दाम वार्ताहर पाठवला. या लोकांनी खंड थकवला नव्हता, असे त्याने नोंदवले. घरे सुटल्यावर म्हातारीकोतारी व लेकरेबाळे यांसह त्यांनी चर्चच्या आवारातील दफनभूमीत, थडग्यांच्या आडोशाने, कांबळी ताणून निवारा केला.

आपण पाहिलेली अक्षरे त्याच दिवसांतली आहेत. चौकटीत बसवलेल्या लहान शंकरपाळी काचांवर ती बाहेरून कोरलेली आहेत, त्यामुळे ती नीट वाचायची तर बाहेर, गवतात, नेमके ते लोक होते तेथेच उभे राहावे लागते. एका काचेवर २४ मे १८४५ ही तारीख आणि ग्लेनकॅल्वीचे लोक येथे आवारात होते, एवढीच नोंद आहे. दुसरीवर ‘ग्लेनकॅल्वीचे लोक, दुष्ट पिढी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. काहींना ही जमीनदाराच्या माणसांना उद्देशून केलेली निर्भर्त्सना वाटते. मला तसे वाटत नाही. ‘दुष्ट पिढी’ हे शब्द शास्त्रातले आहेत, आणि प्रत्येक संकटात आधी स्वतःचे पाप तपासायला शिकलेल्या मंडळीने ते स्वतःच्याच नावापुढे लिहिले आहेत. गेलिक बोलणाऱ्या त्या माणसांनी हे इंग्रजीत का कोरले, याचेही उत्तर मला त्यांच्या परिस्थितीतच दिसते: गेलिक वाचू शकणारे लोक खोऱ्यातून चालले होते, आणि मागे येणाऱ्यांना वाचता येईल अशी भाषा तीच होती.